मोरी नसलेलं तळं: रोमजवळचं नेमी

नेमी गावाच्या कठड्यावर उभं राहून खाली पाहिलं की आधी पाणी नाही, पाण्याभोवतीची भिंत डोळ्यांत भरते. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५२० मीटरवर आणि तळं त्याच्या दोनशे मीटर खाली. मधला सगळा उतार झाडांनी गच्च, आणि तो एका बाजूला नाही, चहूबाजूंनी. तळाशी लंबगोल, गडद पाणी. वारा आत फारसा पोचतच नाही, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा आरशासारखं पडून असतं. रोमन लोक त्याला 'डायानाचा आरसा' म्हणत, ते उगाच नाही.

जरा वेळ पाहिल्यावर एक गोष्ट खटकायला लागते. या तळ्यात कुठली नदी येत नाही आणि यातून कुठली नदी निघतही नाही. पाऊस पडतो, झरे पाझरतात, पाणी साठतं. पण जायला वाट कुठे? सरळ सांगायचं तर ही मोरी नसलेली न्हाणी आहे. नेमीचा अडीच हजार वर्षांचा इतिहास, त्यातली देवी, बादशहाची जहाजं आणि मुसोलिनीचे पंप, हे सगळं या एका अडचणीभोवती फिरतं. म्हणून या तळ्याची ओळख देवळापासून करून न देता मोरीपासून करून देतो.

खड्डा झाला कसा

रोमच्या आग्नेयेला वीस-तीस किलोमीटरवर अल्बन टेकड्या आहेत. नाव टेकड्या, पण खरं तर हा एक जुना, अवाढव्य ज्वालामुखी आहे. सहा लाख वर्षांपूर्वी तो जागा झाला आणि टप्प्याटप्प्याने धुमसत राहिला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर आणि वरून ओघळणारा लाव्हा येतो. नेमी तसं झालेलं नाही.

तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. थेंब एवढासा, पण तेल ओट्यापासून भिंतीपर्यंत उडतं. कारण पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि ती जागा तिला एका क्षणात हवी असते. आता तेलाच्या जागी हजार अंशांच्या आसपास तापलेला शिलारस घ्या, आणि थेंबाच्या जागी जमिनीखालचं भूजल. शिलारस वर येता येता त्या पाण्याला भिडला, वाफेचा स्फोट झाला आणि डोक्यावरची जमीन उडाली. असे स्फोट एकामागून एक होत गेले. डोंगर उभा राहिला नाही, उलट मूळ जमिनीच्या खाली खड्डा पडला आणि त्याच्या कडेला उडालेल्या राखेची, दगडांची पाळ बसली. भूशास्त्रात अशा विवराला 'मार' म्हणतात. हा जर्मनीतल्या आयफेल भागातला स्थानिक शब्द आहे, मराठी 'मार'शी त्याचा संबंध नाही. पण दोघांचा अर्थ जुळतो खरा.

नेमीच्या शेजारचं अल्बानो तळंही असंच झालेलं, पण ते बरंच मोठं आणि जवळपास १७० मीटर खोल. तिथले शेवटचे मोठे स्फोट सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या काठावर कास्तेल गांदोल्फो गाव आहे आणि तिथे पोपमहाशयांचा उन्हाळी वाडा, म्हणून पर्यटकांचा लोंढा तिकडे वळतो. नेमी त्यामानाने लहान. क्षेत्रफळ पावणेदोन चौरस किलोमीटरही भरत नाही आणि खोली फार तर ३३ मीटर. मला विचाराल तर हे त्याच्या पथ्यावरच पडलं आहे.

इथे मराठी माणसाला लोणार आठवणारच. गोल विवर, उभे काठ, तळाशी पाणी, झाडी, देवळं. चित्र इतकं सारखं की एके काळी जाणकारही लोणारला ज्वालामुखीचंच विवर समजत. पण लोणारचा खड्डा वरून आलेल्या अशनीने पाडला, नेमीचा खालून आलेल्या वाफेने. लोणारच्या बेसॉल्टमध्ये आघाताने खनिजांची काच झालेली सापडली, तेव्हा तो वाद मिटला. आणखी एक फरक मोरीचा. लोणारचं पाणी फक्त वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून ते खारं. नेमीचं पाणी गोडं. त्याला बाहेर काढायची सोय माणसाने करून ठेवली आहे.

मोरी कुणी खोदली

विवराच्या भिंतीतून आरपार गेलेला एक बोगदा आहे. लांबी सुमारे १६५० मीटर. एक तोंड तळ्याच्या काठाशी, दुसरं भिंतीपलीकडे आरिच्चाच्या खोऱ्यात. तेही मुळात एक विवरच, फक्त कोरडं पडलेलं. म्हणजे एका विवराचं जास्तीचं पाणी दुसऱ्या विवरातल्या शेतांना मिळायचं. इटालियन भाषेत याला 'एमिस्सारियो' म्हणतात. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला मानतात, म्हणजे रोमचं साम्राज्य तर सोडाच, रोम अजून शेजारच्या गावांशी भांडत होतं तेव्हाचा.

त्यांनी तो दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खोदत आणला. एकच माणूस छिन्नी चालवू शकेल इतकी अरुंद जागा, तेलाच्या दिव्याचा उजेड, होकायंत्र नाही. मधे डोंगर असल्यामुळे एका तोंडावरून दुसरं दिसत नाही. अंतर आणि उंची वरून मोजत न्यायची आणि तोच हिशेब खाली दगडात उतरवायचा. दोन्ही टोळ्या मधे भेटल्या तेव्हा चूक निघाली काही मीटरची. आजही त्या ठिकाणी बोगद्याला बाक आहे आणि खाली एक पायरी आहे. मला त्या बोगद्याच्या सरळपणापेक्षा हा बाकच जास्त आवडतो. पलीकडच्या टोळीच्या ठोक्यांचा आवाज येतोय, पण नेमका कुठून ते कळत नाही, तेव्हा त्या अंधारात काय बोलणं झालं असेल!

आपल्याकडे मलिक अंबरने औरंगाबादला जमिनीखालून नहर आणली, ती शहराला पाणी पाजायला. इथे उद्देश उलटा होता. पाणी घालवायचं होतं, म्हणजे पावसाळी वर्षात काठावरची शेतं आणि देऊळ बुडणार नाही. घालवलेल्या पाण्यावर पलीकडे मळे पिकले, हा वरचा नफा. अल्बानोलाही असाच बोगदा आहे आणि त्याची गोष्ट लिवी या रोमन इतिहासकाराने सांगितली आहे: तळं पावसाशिवाय फुगलं, डेल्फीच्या देववाणीने सांगितलं की या पाण्याला वाट काढा, तरच वेई हे शत्रूचं शहर पडेल. पाणी निघालं आणि इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये वेई पडलं. देववाणीचं सोडा; पण पाण्याची पातळी तेव्हा साऱ्या मुलुखाचा विषय होता एवढं यातून कळतं.

देवराई

'नेमी' हे नाव लॅटिन 'नेमुस'वरून आलं. कोशात त्याचा अर्थ पवित्र वन असा देतात. मराठीत एवढं लांबण लावायची गरज नाही, आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे: देवराई. तळ्याच्या उत्तर काठावर डायानाची देवराई होती. डायाना शिकारीची, रानाची आणि बाळंतिणींची देवी. दर १३ ऑगस्टला बायका डोक्यात फुलांचे गजरे घालून आणि हातात मशाली घेऊन रोमहून इथे येत. कवी ओव्हिडने हे लिहून ठेवलं आहे. नवस फेडायला काय वाहत? भाजक्या मातीचे पाय, हात, डोळे, गर्भाशय. १८८५ मध्ये ब्रिटिश राजदूत सॅव्हिल लम्ली यांनी इथे खोदकाम केलं तेव्हा अशा वस्तू ढिगाने निघाल्या. बऱ्याचशा आज इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संग्रहालयात आहेत. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या किंवा वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचा पाय वाहणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये.

नवल आहे ते तिथल्या पुजाऱ्याचं. त्याला 'रेक्स नेमोरेन्सिस' म्हणजे देवराईचा राजा म्हणत. तो पळून आलेला गुलामच असे. आपल्या देवराईत फांदी तोडायची बंदी असते. इथेही होती, पण एका पळपुट्या गुलामाला सवलत: त्याने एका ठराविक झाडाची फांदी तोडून दाखवली की राजाला द्वंद्वाचं आव्हान दिलं असं धरत. राजाला मारलं तर तो नवा राजा, पुढचा कुणी त्याला मारेपर्यंत. भूगोलकार स्ट्राबो सांगतो की हा पुजारी सतत उपसलेली तलवार घेऊन, इकडेतिकडे बघत फिरायचा. बिचाऱ्याला झोप कधी लागत असेल कोण जाणे. जेम्स फ्रेझर या स्कॉटिश अभ्यासकाला हे कोडं इतकं डाचलं की ते सोडवायला १८९० मध्ये त्याने जगभरच्या चालीरीतींवरचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. कोडं सुटलं असं आज फारसं कुणी म्हणत नाही, पण ग्रंथ गाजला.

या राजाच्या वाट्याला शेवटी खुद्द सम्राट गेला. कॅलिगुला सत्तेवर होता इसवी सन ३७ ते ४१, जेमतेम चार वर्षं. स्वेटोनियस हा चरित्रकार लिहितो की नेमीचा राजा फारच वर्षं टिकलाय असं वाटून कॅलिगुलाने त्याच्यावर एक जास्त धट्टाकट्टा गडी सोडला.

तळ्यात जहाजं कशाला?

त्याच कॅलिगुलाने या एवढ्याशा तळ्यात दोन प्रचंड जहाजं बांधली. एक ७१ मीटर लांब, दुसरं ७३ मीटर. एसटीच्या सहा गाड्या एकामागे एक लावल्या तरी थोडी जागा उरेल. ज्या तळ्याला फेरी मारायला दोन तासही लागत नाहीत तिथे ही जहाजं जाणार कुठे होती? कुठेच नाही. ते तरंगते वाडे होते: संगमरवरी फरशा, मोझेइक, ब्रॉन्झचे लांडग्यांचे आणि सिंहांचे मुखवटे, शिशाच्या नळातून खेळणारं पाणी. चैनीसाठी की देवीच्या पूजेसाठी, यावर अजून वाद चालतो. हाती आलेल्या एकाही जुन्या लेखकाने त्यांचा उल्लेख केलेला नाही. ती कुणाची ते सांगितलं नळांनी. शिशावर कॅलिगुलाच्या नावाचा ठसा आहे. त्याच्या खुनानंतर ती बुडाली, बहुधा बुडवलीच.

कोळ्यांना मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं. जाळी कशात तरी अडकायची, लाकडं वर यायची. १४४६ मध्ये कार्डिनल कोलोन्ना याच्या सांगण्यावरून वास्तुशास्त्रज्ञ अल्बेर्ती याने पिंपांचा तराफा केला, जेनोव्हाहून पाणबुडे आणले, आकडे टाकून ओढलं. जहाज आलं नाही, तुकडा तुटून आला. १५३५ मध्ये दे मार्की नावाचा गृहस्थ काचेची खिडकी असलेलं लाकडी शिरस्त्राण घालून स्वतः खाली उतरला. १८९५ मध्ये पाणबुड्यांनी ब्रॉन्झचे सुंदर मुखवटे काढले आणि ते काढताना लाकडाची नासधूस केली. जहाजं चिखलात इतकी रुतलेली की जितकं ओढावं तितकी मोडत होती.

हा चिखलच त्यांचा रक्षक होता, हे समजून घेण्यासारखं आहे. लाकूड कुजतं ते बुरशी आणि जंतूंमुळे, आणि त्यातल्या बहुतेकांना हवा लागते. तळ्याच्या तळाच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून पावसात भिजत पडलेली फळी दहा वर्षांत जाते आणि गाळात पुरलेली दोन हजार वर्षं टिकते.

मग उत्तर एकच उरलं: जहाज वर काढायचं नाही, तळं खाली न्यायचं. मुसोलिनीला प्राचीन रोमचा वारस म्हणून मिरवायचं होतंच. अडीच हजार वर्षांपूर्वीची मोरी साफ केली आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये पंप सुरू झाले. पंपाने पाणी बोगद्याच्या तोंडापर्यंत चढवायचं, पुढे उताराने ते आपोआप आरिच्चाकडे. ज्या बोगद्याने तळं फुगू नये म्हणून राखण केली, त्याच बोगद्यातून तळं उपसलं गेलं. मार्च १९२९ मध्ये पहिल्या जहाजाचं लाकूड पाण्याबाहेर दिसलं. पातळी वीस मीटरहून जास्त उतरवली, सुमारे ४ कोटी घनमीटर पाणी काढलं. आपल्या धरणांच्या भाषेत १.४ टीएमसी, पुणेकरांसाठी, खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्यातला जवळपास पाऊण हिस्सा.

२१ ऑगस्ट १९३१ ला तळ्याने हिसका दाखवला. तळाची तीसेक हेक्टर जमीन खचली आणि पाच लाख घनमीटर चिखल सरकला. यामागचा अंदाज कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला लगेच येईल. नदीचा काठ पूर चढताना फारसा ढासळत नाही, ओसरताना ढासळतो. पाणी बाहेरून टेकू देत असतं. ते भराभर उतरलं की आत भिजून जड झालेली माती आधाराविना उरते. पाण्याचा भार गेल्यावर नेमीतही तसंच काहीसं झालं असावं, फक्त प्रमाण मोठं. काम थांबलं, तळं पुन्हा भरू लागलं आणि दुसरं जहाज परत पाण्याखाली गेलं. नौदलाने नेट लावला आणि १९३२ मध्ये तेही बाहेर काढलं.

अभ्यासकांनी तोंडात बोट घातलं ते सोन्यारुप्याने नाही, लोखंड-लाकडाने. ब्रॉन्झच्या गोळ्यांवर फिरणारा चौथरा, म्हणजे आजच्या बॉल बेअरिंगचा आजोबा. सरकत्या आडव्या दांड्याचा लोखंडी नांगर, जी रचना एकोणिसाव्या शतकात नव्याने शोधली असं सगळे समजत होते. ब्रॉन्झचे नळ, ज्यांची चकती आजही बसावी इतकी घट्ट घासलेली. आणि एक गंमत: बुडाला लोकर घालून वरून शिशाचा पत्रा ठोकलेला. हा उपाय लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांवरचा. नेमीच्या गोड्या पाण्यात तो किडा जगतच नाही. पण समुद्रावरच्या मिस्त्रींना आणलं, त्यांनी हाताला सवय होती तसंच केलं.

जहाजांसाठी काठावरच संग्रहालय बांधलं, दोन लांबलचक दालनांचं, प्रत्येक जहाजाला एक. ३१ मे १९४४ च्या रात्री, युद्ध तळ्याच्या काठावर आलेलं असताना, आग लागली आणि दोन्ही जहाजं जळून गेली. इटालियन चौकशीने जर्मन सैनिकांवर ठपका ठेवला, जर्मनांनी अमेरिकन तोफांवर. वाद अजून आहे. गाळात एकोणीसशे वर्षं टिकलेलं लाकूड हवेत जेमतेम पंधरा वर्षं राहिलं.

एक तुकडा वेगळ्याच वाटेने वाचला. जहाजाच्या फरशीचा एक रंगीत चौकोन न्यूयॉर्कच्या एका घरात चाळीसेक वर्षं कॉफी टेबल म्हणून वापरात होता. त्यावर चहा-कॉफीचे किती कप ठेवले गेले असतील! जुन्या दगडांच्या एका इटालियन जाणकाराने तो ओळखला, २०१७ मध्ये तो जप्त झाला आणि २०२१ पासून नेमीत आहे.

जायचं तर

रोमच्या मेट्रोच्या ए मार्गावर अनान्यीना हे शेवटचं स्थानक. तिथून कोत्रालच्या बसने जेन्झानो आणि पुढे बस बदलून नेमी. रविवारी बस कमी असतात. परतीची वेळ उतरल्या उतरल्या पाहून ठेवा, मी हे शहाणपण दीड तास थांब्यावर बसून मिळवलं आहे. जेन्झानो तळ्याच्या समोरच्या काठावर आहे. जूनमध्ये तिथे एक अख्खा चढाचा रस्ता पाकळ्यांच्या चित्रांनी भरतात, १७७८ पासून. रांगोळीचा हात असलेल्या कुणाला सोबत नेलंत तर तिला तिथून हलवणं अवघड.

नेमी गावात मनोरा असलेला जुना वाडा, एक मुख्य रस्ता आणि जिकडेतिकडे स्ट्रॉबेरी. बाजारातली टपोरी नव्हे. रानातली, करंगळीच्या पेराएवढी. वास आधी येतो, फळ मागून. लिंबू पिळून खा. क्रीम घातलं की वास मरतो असं माझं मत. जूनमध्ये तिची जत्रा भरते, बायका लाल घागरा आणि काळी चोळी घालून फळं वाटतात. विवराच्या आतली ऊबदार हवा आणि ज्वालामुखीची भुसभुशीत माती या फळाला मानवते.

संग्रहालय खाली तळ्याकाठी आहे. उतरायला सोपं, चढताना मांड्या भरून येतात. आत गेल्यावर दालनांच्या आकाराकडे आधी बघा, मग वस्तूंकडे. जहाजांच्या एक पंचमांश आकाराच्या प्रतिकृती त्या भल्यामोठ्या जागेत ठेवल्या आहेत आणि भोवती नुसती फरशी. अस्सल ब्रॉन्झ मुखवटे पाहायचे तर रोमच्या पालाझ्झो मास्सिमोमध्ये जावं लागतं. देवळाचे अवशेष जवळच: मोठमोठ्या कोनाड्यांची एक भिंत, बाकी झाडी.

आणि बोगदा चुकवू नका. वाटाड्यासोबत, आधी ठरवून आत जाता येतं. तो उघडा आहे का ते विचारून घ्या. डोक्याला हेल्मेट, पायात बूट. भिंतीवर छिन्नीचे घाव अजून ताजे वाटतात, आणि ते कुठल्या दिशेने मारलेत ते हाताला कळतं. बाकापर्यंत घाव एका बाजूचे, त्यापुढे दुसऱ्या बाजूचे. पायाखाली मात्र बहुतेक कोरडंच. या टेकड्यांत इतक्या विहिरी झाल्या आणि इतकं पाणी उपसलं गेलं की तळ्यांची पातळी गेल्या काही दशकांत खाली गेली. पाणी मोरीपर्यंत चढतच नाही.